सुटणारा दत्ता

दत्ताराम शिगवणला गुहागरकडे ‘सुटणारा दत्ता’ म्हणत. कबड्डीत चढाईला गेला आणि चौघांनी धरला, तरी गडी लोळत, फरफटत मधल्या रेषेला हात लावणारच. पाय धरलात? टाचेचा असा झटका द्यायचा, की धरणाऱ्याच्या हातात नुसती माती. पण कबड्डीनं काय पोट भरतं! शेवटी पाइप फिटर होऊन गेला सौदीला. २००६ साली तो तिथल्या अबकैक गावाबाहेर एका ठेकेदाराच्या कॅम्पात होता. पोट सुटलं होतं, केस पांढरे झाले होते, पण मिजास तीच.

त्या आठवड्यात कॅम्पात कुजक्या अंड्यांचा घाण वास सुटला होता. मेसमागच्या मैल्याच्या टाकीतला पंप अडकला होता. साहेबाला सांगून सांगून तोंडं दुखली. रोज एकच उत्तर, ‘बुक्रा’, म्हणजे उद्या. मेला तो उद्या काही उजाडत नव्हता.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर मेसच्या टीव्हीवर अमेरिकन लोकांचा फुटबॉल लागला होता. त्याला फुटबॉल का म्हणतात देव जाणे! एक गडी लांबट चेंडू काखेत मारून पळतो आणि पाच-सहा रेडे त्याच्या अंगावर कोसळतात.

“ह्या पळणाऱ्याला रनिंग बॅक म्हणतात,” आचारी शौकतभाई म्हणाले. ते दापोलीकडचे, पूर्वी गोऱ्यांच्या वसाहतीत स्वयंपाकाला होते. “आजवरचा सगळ्यात भारी कोण, यावरून तिथं साहेब लोक हमरीतुमरीवर यायचे.”

“त्यात भांडायचं काय?” हरिहर म्हणाला. हा कराडचा, पंपांचा मेकॅनिक, दत्तारामच्याच खोलीत राहणारा. “ज्यानं जास्त मैदान मारलं, तो भारी.”

“हट्! समोर कोण आडवं नसेल तर मैदान माझी म्हातारी पण मारील,” दत्ताराम उसळला. “अंगावर माणसं लोंबकळतायत, तरी जो सुटतो, तो खरा गडी!”

“आणि त्याच्या पुढं धावून, मार खाऊन वाट मोकळी करतात ते?” शौकतभाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. “त्यांच्याशिवाय तो दोन पावलं तरी जाईल का? जो त्यांना धरून राहतो, तो मोठा.”

“शौकतभाई, तुम्ही आपली बिर्याणी बघा,” दत्ताराम म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

तेवढ्यात साहेबाचा माणूस धावत आला. मैला मेसच्या दाराशी आला होता, आता आजच्या आज पंप काढायचा होता. यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला! हरिहर चप्पल घालून निघाला, मागोमाग बाकीचे. टाकीचं झाकण सरकवून तो आत वाकला आणि म्हणाला, “अरे, वास गेला की!”

सगळ्यांना हायसं वाटलं. मैल्यातला तो वायू फार झाला, की नाकच बधिर करून टाकतो, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? ज्यांना ठाऊक होतं, ते एसीत बसले होते.

हरिहर शिडीवरून खाली उतरला. “टॉर्च द्या रे,” म्हणाला. टॉर्च आली. खालून हात काही वर आला नाही.

“कोणी उतरू नका! दोर आणा!” शौकतभाई ओरडले. पण दत्तारामला वाटलं, दोर येईस्तोवर हा मरेल, आणि आपल्याइतका दम इथं आहे कुणाकडे? त्यानं छाती भरून घेतली आणि उतरला.

हरिहर शिडीच्या पायथ्याशी कमरेएवढ्या घाणीत भिंतीला टेकून पडला होता. दत्तारामनं त्याच्या काखेत हात घालून ओढलं. भिजलेलं अंग निसटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा निसटलं. छाती फुटायला आली. वर जाऊन श्वास घेऊ आणि परत येऊ, असं म्हणून त्यानं शिडीवर पाय ठेवला.

घोट्याभोवती बोटं आवळली गेली. म्हणजे हरिहर जिवंत होता!

आणि दत्तारामच्या टाचेनं झटका दिला. त्यात विचार नव्हता, रागही नव्हता. जन्मभराची सवय होती. बोटं सुटली. तो वर आला, टाकीच्या कडेला आडवा पडला आणि हवा पिऊ लागला.

परत उतरायला तो निघाला होता, पण शौकतभाईंसकट तिघं त्याच्या अंगावर बसले. “सोडा! तो जिता आहे!” असं ओरडायला त्याच्या गळ्यातून आवाज निघाला नाही. मुखवटे लावलेले आगबंबवाले आले, तोवर सगळं खलास झालं होतं.

पुढं कॅम्पात दत्तारामचं कौतुक झालं. जिवावर उदार होऊन उतरला म्हणाले. शौकतभाई त्याचं ताट खोलीत आणून देत. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे आणि पाय पोटाशी घेऊन निजे.

मग कराडहून हरिहरच्या बायकोचा, हेमलताचा, फोन आला. रडून रडून तिचा घसा बसला होता.

“दत्ताभाऊजी, शेवटी तुम्ही जवळ होता, तेवढाच आधार वाटतो बघा. एकटे नव्हते ते. खरं सांगा, तुम्ही गेलात तेव्हा जाग होती का त्यांना? तुम्हाला ओळखलं का?”

दत्तारामनं रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

“नाही वहिनी,” तो म्हणाला. “मी जायच्या आधीच गेले होते.”