कोऱ्या पानावरची सही

"तू बाहेर बस. आतमंदी तुझं काय काम?" ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले आन् आपल्या डब्याची पिशवी माझ्या हातात कोंबली. नागपूरच्या कर कोर्टाच्या दारात. वकिलासमोर, शिपायासमोर.

मी बसली. पिशवी मांडीवर घेऊन. त्या बसण्याची अजून लाज वाटते.

सालेकशाजवळ मुलींचं वसतिगृह आहे. मी तिथं स्वयंपाक करते. आन् ज्या ट्रस्टचं ते वसतिगृह, त्या ट्रस्टची मी विश्वस्त. कागदावर बाया दिसल्या पाहिजेत म्हणून वसतिगृहात राबणाऱ्या आम्हा तिघींची नावं घातलेली. बाकी दोघं म्हणजे अध्यक्ष आन् त्यांचा भाचा. मालगुजाराचं, जुन्या जमीनदाराचं घराणं. तीन जास्त की दोन, हे कोणी कधी मोजलंच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

अध्यक्ष ठरावाचं रजिस्टर घेऊन स्वयंपाकघरात येत. पान कोरं. खाली बोट ठेवत.

"इथं सही कर."

"वर काऊन काई नाई लिहिलं?"

"लिहितो मी मागून. तुले कायले पंचाईत?"

मी सही करत गेली. सातवी शिकलेली बाई मी. माझं चुकलं, ते मी झाकत नाही.

मंग कर खात्यानं ट्रस्टची करमाफी काढली. आम्ही अपील केलं. हरलो तर कर भरता भरता वसतिगृह बंद, पोरी शाळा सोडून तेंदूपानं तोडायले. मले वाटलं, अध्यक्ष लढायले आले. मी बाहेर बसली त्या दिवशी कोर्टाचं दार उघडं होतं. त्यांचा आवाज आला, "साहेब, अपील मागे घेतो. विश्वस्तांचा ठराव आहे. सारा अधिकार मलाच दिला आहे."

अंगाचा भडका उडाला माझ्या! वसतिगृह पाडून भाच्याले तिथं लग्नाचं लॉन टाकायचं होतं. साऱ्या गावाले ठाऊक होतं ते.

पिशवी बाकड्यावर टाकली आन् आत गेली.

"ठराव खोटा आहे साहेब. मी बी विश्वस्त आहो."

अध्यक्ष हसले. "साहेब, ही तर आमची स्वयंपाकवाली आहे."

दोनचार जण त्यांच्यासंग हसले. न्यायाधीश साहेबांनी ठरावाचा कागद पुढं केला. "सही तुमची?"

"सही माझी. ठराव माझा नाही. पान कोरं होतं."

मी त्यावरची बैठकीची तारीख पाहिली. माघ पुनवेची! "त्या दिवशी आम्ही तिघी पोरींले घेऊन कचारगडच्या जत्रेत होतो. मंग बैठक कोणासंग झाली?"

साहेबांनी अपील मागे घेऊ दिलं नाही. पण मलेही विचारलं, "ट्रस्टच्या वतीनं बोलायचा अधिकार तुम्हाला तरी कोणी दिला? पुढच्या तारखेला खरा ठराव आणा."

बरोबर विचारलं त्यांनी.

गावी येऊन आम्ही पाचही विश्वस्तांले बैठकीची नोटीस दिली. अध्यक्ष आले नाही. भाचा आला, "भांडेवाल्या ठराव करून राहिल्या," म्हणून थुंकून गेला. आम्ही तिघी बसलो. ठराव मी लिहिला. मोठ्यानं वाचला. दोघींनी पुन्हा वाचायले लावला. मंगच सह्या.

आता स्वयंपाकघराले अध्यक्षांचं कुलूप आहे. अंगणात चूल मांडून पोरींले जेवू घालून राहिलो.

पुढच्या तारखेले मी चालली आहो. ठराव माझ्या हातात राहील. अध्यक्षांनी यावं, खुशाल यावं. आपला डबा आपण धरावा.