पायऱ्यांखालची पेन्सिल

समजा, तुम्ही बंदराच्या धक्क्यावर घडीच्या स्टुलावर बसला आहात. मांडीवर फळी, फळीवर कागद, पायाशी पाण्याचा डबा. समोर भिंत आहे, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी आणि सलग. वर आभाळ, खाली चिखल, चिखलात कलंडलेल्या होड्या. तुम्ही सगळं नीट काढता, मागे सरून बघता, तर चित्र बंद. नजर भिंतीवर आपटते आणि परत येते. आता काय कराल?

खिडकीकाका अशा वेळी भिंतीत काहीतरी उघडत. कधी फाटक, कधी भगदाड, कधी चार पायऱ्या. नजरेला आत शिरायला वाट लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. हे टोपणनाव त्यांना पोरांनी दिलं होतं. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून, एक डोळा मिटून ते त्यातून जगाकडे बघत बसत, म्हणून. पोटासाठी ते होड्यांवर नावं आणि नंबर रंगवत, दुकानांच्या पाट्या करत. उरलेल्या वेळात बंदर, नाहीतर गावाबाहेरची शेतं. एकदा एका शेतकऱ्याने स्वतःच्या शेताचं चित्र घेतलं, घरी नेऊन पाहिलं आणि परत आला. बांधावर जे झाड दिसतंय ते माझं नाही, म्हणाला, पण आता दिलंच आहे तर लाकूड कधी तोडून नेऊ? काका हसले, पण झाड पुसलं नाही.

काम करायची त्यांची एक रीत होती. समोर दिसेल ते आधी पेन्सिलीने काढायचं, मग रंग भरायचा. घरी आल्यावर जे सुचेल ते थेट ब्रशने, कारण तोवर पेन्सिल खिशात गेलेली असे. ही रीत त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलीच नव्हती.

मग बंदराच्या कचेरीने भिंतीलगत तारेचं कुंपण घालायला घेतलं. जुनी भिंत बऱ्याच वर्षांपूर्वी वादळात पडली होती, तिच्या जागी नवी सलग भिंत आली होती आणि छोटे होडीवाले तिच्यावरूनच चढउतार करत. तार लागली की तेही संपणार होतं. पार बर्फाच्या कारखान्यापर्यंत वळसा घालून, जाळी खांद्यावर घेऊन यायचं म्हणजे धंदाच बंद. होडीवाले म्हणाले, जुन्या भिंतीत पायऱ्या होत्या, वाट आमची आहे. कचेरी म्हणाली, वाट होती हे दाखवा, आम्ही तेवढी जागा मोकळी सोडतो. म्हातारे होडीवाले जागा दाखवायला गेले आणि प्रत्येकाने वेगळीच दाखवली.

होडीवाल्यांच्या पुढाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. तो हळू बोलला तरी पलीकडच्या होडीत ऐकू जाई. तो सलूनमध्ये दाढी करत होता. मान वर केली तेव्हा आरशाच्या वरचं चित्र त्याला दिसलं. इतकी वर्षं ते तिथेच होतं. जुनी भिंत, आणि मधोमध चिखलात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. एका गालावर साबण तसाच ठेवून त्याने चित्र खिळ्यावरून काढलं आणि थेट काकांचं घर गाठलं.

"काका, हे तुम्ही समोर बसून काढलंत ना? बघून?"

"बघूनच काढतो मी," काका म्हणाले. पण तो गेल्यावर त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ती भिंत त्यांना आठवत होती. ती फार लांबलचक आणि बंद होती, हेही आठवत होतं. पायऱ्या मात्र आठवत नव्हत्या.

कचेरीतले साहेब जागेवर पाहणी करून काकांनाच विचारणार, असं ठरलं. त्याच संध्याकाळी काकूंचा भाऊ आला. तो त्या कचेरीत कारकून होता आणि एरवी बहिणीच्या घराकडे फिरकत नसे. त्याने काकांच्या गुडघ्यांची चौकशी केली, पंखा आवाज करतो म्हणाला, आणि उठता उठता मुद्द्यावर आला.

"भावोजी, आठवत नसेल तर नाही आठवत म्हणायचं. त्यात कसला कमीपणा?"

"तुला पाठवलं कुणी?" काकूंनी विचारलं. शिवणाच्या मशीनवरून त्यांनी मान वर केली नव्हती. भाऊ लालबुंद झाला आणि बहिणीच्या घरी यायला चिठ्ठी लागते का, असं काहीसं पुटपुटत निघून गेला. जाताना त्याला दोन होडीवाल्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून बंदरावर काका आले की गप्पा थांबू लागल्या. एका होडीवर ते नाव रंगवत होते. मालक आला, अर्धं झालेलं नाव बघितलं आणि म्हणाला, राहू द्या आता. का, हे सांगितलं नाही. मेहुणा कचेरीत आहे म्हटल्यावर पाणी कुठेतरी मुरतंय, हे सगळ्यांनी मनाशी धरूनच टाकलं होतं.

भोंग्याने चित्र परत सलूनमध्ये टांगलं होतं. काकांनी ते तिथून आणलं आणि भरदुपारी खिडकीशी भिंग घेऊन बसले. होड्यांखाली पेन्सिल दिसत होती. भिंतीच्या कडेखाली दिसत होती. पायऱ्यांवर मात्र त्यांनी दाट पांढरा रंग चढवला होता, त्याखालचं काही कळेना. तो खरवडल्याशिवाय इलाज नव्हता. त्यांनी ब्लेड काढलं, आणि नेमका दारात भोंगा.

"काय चाललंय, काका?"

"बघतोय."

"ब्लेडने बघतात?"

त्याने चित्र हिसकावून छातीशी धरलं. कचेरीने किती दिले, असंही विचारून टाकलं. काका ओशाळे झाले. काकू मशीन सोडून उठल्या. भिंतीवर याच घराचं चित्र होतं, काकांनीच काढलेलं. त्यात दाराशी एक डेरेदार झाड होतं.

"ते झाड दाखव मला बाहेर जाऊन," काकू भोंग्याला म्हणाल्या.

भोंगा दारापर्यंत गेला. बाहेर नळ होता, सायकल होती. तो परत आला तेव्हा पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली होता. "मग काका, पाहणीच्या दिवशी हे बोलू नका. नुसतं हो म्हणा. आमची पोटं आहेत त्यावर."

पाहणीला सगळे जमले. साहेब, त्यांच्या मागे फाइल धरून मेहुणा, आणि भिंतीवर ओळीने बसलेले होडीवाले. साहेबांनी विचारलं. काकांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी आपली पेन्सिलची आणि ब्रशची रीत सांगितली. पायऱ्यांखाली पेन्सिल असली तर त्या होत्या, नसली तर त्या माझ्या, म्हणाले. साहेबांना वाटलं, होडीवाल्यांनी पढवलंय. होडीवाल्यांना वाटलं, मेहुण्याने. आणि खरवडणार कोण? काकांवर कुणाचा भरवसा नव्हता, साहेबांवर होडीवाल्यांचा नव्हता. शेवटी काकूंचं नाव निघालं. कचेरीत त्यांचा भाऊ, तर होडीवाल्यांच्या घरचे कपडे शिवायला त्यांच्याकडेच येत. दोघांनाही त्यांचा सारखाच संशय होता, म्हणून त्यांच्यावर एकमत झालं. शिवण उसवायची त्यांच्या हाताला सवय होती. खालच्या पायरीचा पांढरा रंग त्यांनी पापुद्र्यापापुद्र्याने उचलला.

खाली पेन्सिलची एक रेघ निघाली. आखूड, तिरकी, एकच.

भिंतीची चीर, साहेब म्हणाले. पायरीची कड, भोंगा म्हणाला, आणि ते बर्फाच्या कारखान्यापर्यंत ऐकू गेलं असावं. बराच वेळ हुज्जत चालली. अखेर साहेबांनी ठरवलं, पक्का पुरावा मिळेपर्यंत तेवढ्या तुकड्याला तार लावायची नाही. होडीवाल्यांना तूर्त वाट मिळाली. पण जाताना काकांशी कुणी बोललं नाही, मेहुणासुद्धा नाही.

काकू अजून भिंग लावून वाकलेल्या होत्या. "अहो, हे बघा," त्या म्हणाल्या. खरवडलेल्या जागेच्या जरा वर बोटाच्या पेराएवढी एक बाई होती, डोक्यावर टोपली घेतलेली. रंग इतका पातळ की पेन्सिल आरपार दिसत होती. म्हणजे ती समोर होती, हे नक्की. तिचा एक गुडघा वाकलेला होता आणि पाऊल वर उचललेलं. पावलाखाली मात्र पुन्हा तोच दाट पांढरा रंग, आणि अजून खरवडलं असतं तर बाईही गेली असती.

आता खिडकीकाका चित्र पिशवीत घालून हिंडतात. बंदरावरच्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईला थांबवतात, ही तुम्ही का, विचारतात. बायका चित्राकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघतात. तुम्हाला कुणी पाठवलं, कचेरीने की होडीवाल्यांनी, असं उलट विचारतात. कुणी नाही, काका सांगतात, ते मिटलं तूर्त. मला नाव नको, गाव नको, बाई. त्या दिवशी टोपली घेऊन वर चढताना तुम्ही पाय कशावर ठेवला होता?