झाकणावर फोडलेला नारळ

खंडेनवमीला बाबा नारळ इंजिनावरच फोडायचे. गौलीगुड्यातल्या आमच्या वर्कशॉपात पूर्वी लॉऱ्यांची बिडाची अवजड इंजिनं यायची, त्यांना नारळाने काय होणार? मग बाजार खुला झाला, नव्या मोटारी आल्या, दादाने त्यांचंच काम घ्यायला सुरुवात केली. त्या वर्षी बाबांचा नारळ एका गिऱ्हाइकाच्या नव्या कारच्या इंजिनावर आदळला. वरचं झाकण ॲल्युमिनियमचं. नारळ तसाच राहिला आणि झाकणाला तडा गेला.

"बाबा, पुरे झालं. आता घरीच बसा," दादा सगळ्या मेकॅनिकांसमोर म्हणाला. चूक बाबांचीच होती, मान्य. पण ज्याने आपल्या हातात पहिला पाना दिला त्याला असं बोलताना याची जीभ झडली कशी नाही, हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

"परेशान नक्को होऊ," बाबा म्हणाले. "जोडून देतो. गळलं, तर पुन्हा इथं पाय ठेवणार नाही."

पूजेला मांडलेली हत्यारं दसरा होईपर्यंत आमच्याकडे कुणी उचलत नाही. बाबांनी दसऱ्याच्या सकाळीच उचलली. मी अंबरपेठेतल्या घरून डबा घेऊन गेले होते, ती तिथेच थांबले. त्यांनी झाकणात मुरलेलं तेल जाळून काढलं, तडा कानशीने रुंद केला, कडेला अंगाच्या साबणाची रेघ ओढली आणि गॅसची ज्योत धरली. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही, एकदम वितळून खाली बसतं. साबण काळा पडला की समजायचं, आता जोडाची सळई लावायची. बाबांनी नेमक्या त्या क्षणी सळई टेकवली आणि तडा भरत नेला. मग झाकण राखेत पुरून सावकाश निवू दिलं, उलटं करून त्यात रॉकेल भरलं. खाली एक थेंब आला नाही. बाबा लहान मुलासारखे हसले.

दुसऱ्या दिवशी दादा नवं झाकण घेऊन आला.

"अरे, गळतंय का ते बघ तरी," मी म्हटलं.

"बघायचं कशाला? नवीन मिळतंय ना आता."

बाबांनी जोडलेलं झाकण भंगारात गेलं. बाबा मात्र वर्षभर येत राहिले, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत राहिले.

पुढच्या खंडेनवमीला दादाने भंगारातून तेच झाकण काढून बाबांच्या पुढ्यात फरशीवर ठेवलं. "घ्या बाबा, आता बिनधास्त फोडा." सगळे हसले. दादाला ती निव्वळ थट्टा वाटली, याचीच मला जास्त चीड आली.

बाबांनी नारळ हाणला. नारळ फुटला, आणि झाकणही दुसऱ्या बाजूने तडकलं. जोड मात्र जागचा हलला नाही. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग खोबऱ्याचे तुकडे केले, सगळ्यांना प्रसाद वाटला, पहिला दादाच्या हातावर ठेवला.

त्यानंतर ते वर्कशॉपात आले नाहीत; घरी बसा म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही.