कोऱ्या पाण्यातलं नायट्रेट

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी हसायला वाचते. घाटात लिफ्ट मागणारी बाई, उलटे पंजे, मागे वळून बघितलं तर कोणी नाही... अरे, हातात एवढा महागडा फोन असतो, एकालाही फोटो काढायचं सुचत नाही? आणि प्रत्येकाचं सुरुवातीचं वाक्य ठरलेलं, ‘माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता’. नव्हता म्हणे! गाडीच्या बोनेटला लिंबू बांधून फिरता आणि विश्वास नव्हता? माझा खरंच नव्हता. आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण झालं ते झालं आणि ते कुठे सांगायचं हे मला कळत नाही.

मी इलेक्ट्रोकेमिस्ट आहे. राहते जुईनगरला, नोकरी महापेला. एका छोट्या कंपनीच्या पहिल्या मजल्यावर आमची लॅब. सांडपाण्यातल्या नायट्रेटचा विजेने अमोनिया करायचा, हे आमचं काम. त्यासाठी आधी पाण्यात नायट्रेट किती ते मोजावं लागतं. तांब्याची एक काडी पाण्यात बुडवायची, व्होल्टेज हळूहळू खाली न्यायचं आणि करंट बघत राहायचा. नायट्रेट असेल तर स्क्रीनवरच्या रेषेत एका ठरावीक जागी उंचवटा येतो, त्याला पीक म्हणतात. नायट्रेट जितकं जास्त तितका पीक उंच. नसेल तर रेषा सपाट. संपलं! यात भुताला बसायला जागा कुठे आहे सांगा.

रोज सकाळी पहिलं काम म्हणजे ब्लँक. ब्लँक म्हणजे कोरं पाणी. डिस्टिल्ड पाणी आणि वीज वाहावी म्हणून त्यात थोडं सोडियम सल्फेट, बाकी काही नाही. ब्लँकची रेषा सपाट आली की मशीन ठीक, काडी स्वच्छ, मगच पुढचे नमुने लावायचे.

ब्लँक लावायचे आमचे टेक्निशियन म्हात्रेकाका. शिरवण्याचे, मूळ गावठाणातले. वडील त्यांचे मिठागरावर मीठ मापायचे. काका काडी पॉलिश करायचे तेव्हा आठच्या आकड्यात गोल गोल फिरवत मोठ्याने मोजायचे, “लाभ... दोन... तीन...” एक म्हणायचंच नाही. मापताना पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, ही त्यांच्या घरची सवय. बरं, मीठ मापा ना तसं! पण कॉम्प्युटरवरसुद्धा दिवसाच्या पहिल्या रनच्या, म्हणजे मोजणीच्या, फाइलला हे गृहस्थ इंग्रजी अक्षरांत ‘लाभ’ नाव द्यायचे. आमच्या मॅनेजरने एकदा ते वाचलं एल-ए-बी-एच, आणि मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्याने विचारलं, “ही लॅब एच आपल्याकडे नेमकी कुठल्या मजल्यावर आहे?” अशा माणसांबरोबर मी काम करते.

त्या सोमवारी दुपारी डबा खाऊन काका माझ्या टेबलापाशी आले. हातात पाण्याची बाटली.

“मॅडम, येक नमुना लावू का? घरचा हाय.”

“घरचा म्हणजे?”

“आमच्या बावीचा पानी.” बाव म्हणजे विहीर. “गल्लीत खोदून ठेवलाय, नलाला थेंब नाय. नात दोन महिन्यांची हाय. सुनेला दूध पुरत नाय, पावडरचा द्यावा लागतो. त्याला हा पानी चालंल का?”

शुक्रवारी क्लायंट येणार होता आणि माझं डोकं आधीच फिरलेलं. मी मान वर न करता म्हटलं, “काका, लॅब आहे ही, पाणपोई नाही. उद्या अख्खं गाव बाटल्या घेऊन येईल. उकळून द्या. चांगलं खळखळून उकळा, काही होत नाही.”

“बरा,” म्हणाले आणि बाटली पिशवीत ठेवून ते कामाला लागले. संध्याकाळी ती घरी परत घेऊन गेले.

मंगळवारी सकाळी ब्लँकमध्ये पीक आला.

मी म्हटलं, झालं, काकांनी बीकर नीट धुतला नाही. त्यांना चार शब्द सुनावले. दुसरा रन लावला, तेच पाणी, तीच काडी, तोच बीकर. रेषा सपाट! म्हणजे पहिल्या रनला घाण आणि पाच मिनिटांनी आपोआप स्वच्छ? असं होत नसतं. तरी मी सोडून दिलं. आकडा मात्र वहीत लिहिला, सवयीने. लिटरला एकशे सत्तर मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात पंचेचाळीसच्या वर नसावं.

बुधवारी पुन्हा. पहिल्या रनला पीक, आदल्या दिवसापेक्षा उंच. एकशे अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या रनला सपाट. आता माझी सटकली. सल्फेटची नवी बाटली फोडली, काचसामान ॲसिडमध्ये बुडवून ठेवलं, काकांना सगळ्यांसमोर झापलं. ते खाली बघत एवढंच म्हणाले, “मी लाभ घालतो तसाच घातला मॅडम. काय चुकला, समजत नाय.” चेहरा ओढलेला होता. घरी काही आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी म्हटलं, “तुमचा तो लाभ बंद करा आधी. एक म्हणायला जीभ झडते का?”

मग आले सल्लागार. मॅनेजर म्हणाला, “ऑक्सिजन घालवायला तुम्ही पाण्यातून नायट्रोजन सोडता ना, त्याचंच नायट्रेट होत असणार.” शाळेतल्या पोराने हे लिहिलं तर बाई कान पिळतील. पण हा माणूस मॅनेजर आहे! नायट्रोजन इतक्या सहज नायट्रेट झाला असता तर खताचे कारखाने बंद पडले असते. आणि अकाउंट्समधल्या पोरीने तर कमालच केली. माझ्या मागे मशीनला लिंबू-मिरची बांधून गेली, “नजर असते हो मॅडम, नव्या मशीनला.” मी ते तोडून कचऱ्यात टाकलं. लिंबात सायट्रिक ॲसिड असतं आणि बांधणाऱ्याच्या डोक्यात काही नसतं, एवढंच मला त्याबद्दल ठाऊक आहे.

गुरुवारी काका आलेच नाहीत. निरोप होता, नातीला बरं नाही.

मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. म्हटलं, आता कळेल गडबड कोणाची होती. सगळं स्वतः केलं. कोरी काडी, जिला काकांचा हात लागलेला नाही. सीलबंद बाटलीतलं पाणी. पाकिटातून काढलेला नवा बीकर. मोजलंही मी, एक, दोन, तीन, मुद्दाम मोठ्याने. साडेदहाला रन लावला आणि हाताची घडी घालून स्क्रीनसमोर बसले.

रेषा सपाट चालली होती. मग त्या ठरावीक जागी ती उचलली गेली आणि चढतच गेली. दोनशे एकतीस.

मी घाबरले नाही. चिडले. दुसरा रन लावायचंही भान राहिलं नाही, फोन उचलला. काकांनी कपाटातल्या कुठल्यातरी बाटलीत काहीतरी घातलंय, याची मला खात्रीच होती.

“काका, कशाला हात लावलात तुम्ही? खरं सांगा!”

पलीकडे बायकांचा गलका. मग काका म्हणाले, “मॅडम, मंग बोलतो. पोरीचे ओठ निले परलेत.”

“काय पडलेत?”

“निले... निले. नखा पन. दोन दिस झाला. डाक्टर बोलला, हार्टचा असंल, फोटो काढून आना. नंबर लावलाय दुपारचा.”

समोर स्क्रीनवर तो पीक होता. दोनशे एकतीस. दोन महिन्यांचं मूल, बाहेरचं दूध, निळे ओठ. हे कोणत्याही नायट्रेटवाल्याने झोपेतसुद्धा ओळखायला हवं! तान्ह्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, मग रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मूल आतल्या आत गुदमरतं.

“काका, दुधात पाणी कुठलं घालता?”

“बावीचा. तुमी सांगला तसा उकलून. सून दोनदोनदा उकलते. उरला का फेकीत नाय, त्यातच नवा घालते, परत उकलते. लय काळजी घेते मॅडम.”

उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी वाफ होऊन उडतं आणि नायट्रेट खाली राहतं, उरलेल्या पाण्यात वाढत जातं. हे मला दहा वर्षं माहीत आहे. लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या पोरांना शिकवते मी हे. आणि सोमवारी मान वर न करता मी काय बोलले होते?

मी ओरडलेच. “दुपारची वाट बघू नका. आत्ता मोठ्या हॉस्पिटलला न्या. रिक्षा करा. त्या पाण्याचा थेंब देऊ नका. डॉक्टरांना सांगा, विहिरीचं पाणी, नायट्रेट. रक्तातलं मेथेमोग्लोबिन तपासा म्हणावं. थांबा, मला तिथून लावून द्या, मीच बोलते.”

बोलले. तिथली तरुण डॉक्टर हुशार निघाली, एका वाक्यात समजली. रक्त काढलं तर चॉकलेटसारखं तपकिरी. औषध म्हणजे मेथिलीन ब्लू, आमच्या कपाटात डाय म्हणून पडलेला असतो तोच, त्यांच्याकडचा शुद्ध. संध्याकाळपर्यंत पोरीचे ओठ गुलाबी झाले. डॉक्टर म्हणाली, दुपारपर्यंत थांबला असतात तर सांगता आलं नसतं. फोन ठेवून मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. तेही सांगून टाकते.

आता ज्याच्यासाठी हे लिहितेय ते. शुक्रवारी क्लायंट गेल्यावर मी शिरवण्याला गेले. म्हात्रेकाकींनी गॅसवरचा टोप दाखवला. गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला उकळून झाकून ठेवलेलं पाणी, त्या गडबडीत तसंच राहिलेलं. बाव परसात आहे, आणि कठड्यापासून हातभर अंतरावर शेजारच्या चाळीची संडासाची टाकी. नायट्रेट कुठून आलं, ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. मी दोन बाटल्या भरल्या, एक टोपातली, एक बावीची.

बावीचं नुसतं पाणी मंगळवारच्या आकड्याच्या जरा खाली आलं. टोपातलं पाणी, दोनशे एकतीस. मी ती रेषा आणि गुरुवारच्या ब्लँकची रेषा एकावर एक ठेवल्या. दोन रेषा आहेत हे दिसेना. पीकच्या उतारावर एक बारीक फुगवटा होता, तोसुद्धा जागच्या जागी.

आता तुम्ही शहाणपणा सुचवणार. काकांच्या हाताला लागून आलं असेल? गुरुवारी काका नव्हते, आणि इतकं नायट्रेट हाताला लागून येत नाही, चमच्याने घालावं लागतं. मशीन बिघडलं असेल? मग दुसरा रन सपाट का? योगायोग? एकदा समजू शकते, तीन दिवस चढत्या क्रमाने नाही. माझ्या मनाचे खेळ? फायली आहेत कॉम्प्युटरवर, तारीख-वेळेसकट. मी सगळं तपासलं आहे, तुमच्यापेक्षा जास्त. त्या दिवसापासून ब्लँक सपाट येतोय.

पुढच्या आठवड्यात ऑडिटचा फॉर्म आला. ब्लँकमध्ये तीन दिवस पीक का आला, कारण द्या. ‘माहीत नाही’ असा पर्याय त्यात नाही. तीनच आहेत, यंत्र, रसायन आणि व्यक्ती. मॅनेजर खांद्यावरून वाकून म्हणाला, “व्यक्ती टाका, म्हात्रेंचं नाव द्या. नाहीतरी पुढच्या वर्षी रिटायर होतायत, त्यांना काय फरक पडतो.”

तेवढ्यात काका पेढे घेऊन आत आले. लॅबभर वाटत होते. “मॅडमनी वाचवला. मॅडम नसत्या तर आमची पोर गेली असती.” त्यांना सोमवारचं आठवत नसेल असं नाही. आठवतच असणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर कुठे राग शोधला तरी सापडेना, आणि तो पेढा माझ्या हातात तसाच राहिला.

ब्लँकमध्ये ते नायट्रेट कुठून आलं, ते मला आजही सांगता येत नाही, आणि कोणी सांगितलं तर मी हसेनच. पण फॉर्म भरायचा होता. मी ‘व्यक्ती’ निवडलं, आणि समोरच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.