गॅस बंद केलास का?

आमच्या ग्रुपचे किस्से फार साठतात. इतरांचेही साठत असतील, पण ते लोक ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत सांगून मोकळे होतात. आमचे कुठे सांगणार? एकमेकांच्या राजीखुशीने दुखवण्यात, दुखवून घेण्यात, बांधून घेण्यात ज्यांना सुख मिळतं, अशा लोकांचा हा ग्रुप. किंक म्हणतात याला. मी अडतीस वर्षांची, घाटकोपरच्या एका लॅबमध्ये एक्स-रे काढते आणि नाहूरला बाबांबरोबर राहते. बाबांना कळलं तर काय, ही भीती दोन वर्षं माझ्या पोटात मुक्काम ठोकून आहे. तरी सांगते.

*

पहिल्या भेटीला जायचं धाडस गोळा करायलाच मला तीन महिने लागले. अंधेरीतलं हॉटेल, महिन्याचा पहिला रविवार, दुपारची वेळ. खूण म्हणजे टेबलावर पिवळी फाइल. मला फाइल दिसली आणि मी थेट जाऊन बसले. एक काका म्हणाले, "पहिल्यांदाच आलात का? घाबरू नका. सगळ्यांच्या संमतीशिवाय इथे काहीही होत नाही."

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग काका पुढे म्हणाले, "फक्त वरच्या मजल्यावरचे दोघं अडून बसलेत."

ती कुठल्याशा सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती. आमची पिवळी फाइल पलीकडच्या टेबलावर होती आणि तिथले सगळे माझ्याकडे बघत होते.

*

ग्रुप चालवते मेधाताई. पन्नाशीची, बोरिवलीला राहणारी, बँकेतून लवकर निवृत्त झालेली. नव्या माणसाला ती आधी नियम शिकवते. "बरं चाललंय तर हिरवा म्हणायचं. जरा जास्त होतंय तर पिवळा. लाल म्हटलं की सगळं थांबतं. आणि लाल म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही."

माझी पहिली वेळ तिच्याच घरी, तिच्यासमोर, भर दुपारी. पट्टा होता ग्रुपमधल्याच सॅव्हियोच्या हातात. चौथ्या फटक्याला मी "लाल" म्हणाले. सॅव्हियोने त्याच क्षणी पट्टा खाली ठेवला, पाणी आणलं आणि म्हणाला, "चहा टाकू का गं?"

मी ढसाढसा रडले. दुखलं म्हणून नाही. माझ्या एका शब्दावर इतक्या वर्षांत कुणी थांबलंच नव्हतं.

*

हा सॅव्हियो बोरिवलीच्या जुन्या गावठाणातला, घरी मराठीच बोलणारा. त्याला मार द्यायलाही आवडतो आणि खायलाही. पाठ दगडाची. एकदा आमच्या लॅबमध्ये रक्त तपासायला आला आणि सुई बघूनच पांढरा पडला. सिस्टरने दंड बांधला तसा ओरडला, "लाल! लाल!"

सिस्टर शांतपणे म्हणाली, "अहो, सगळ्यांचं लालच असतं."

मी एक्स-रेच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. हसू येत होतं आणि हा आता भानावर आल्यावर माझी ओळख सांगतो की काय म्हणून घामही फुटला होता.

*

आमच्याकडे एक पद्धत आहे. नव्या माणसाला एकटीने भेटायचं तर मेधाताईला जागा सांगून जायचं. ठरल्या वेळी ती फोन करते आणि विचारते, "गॅस बंद केलास का?" बंद आहे म्हटलं तर सगळं ठीक. दुसरं काहीही म्हटलं तर ती येऊन धडकते.

मालाडला एकाला भेटायला गेले आणि फोन घरीच चार्जिंगला विसरले. ठरल्या वेळी मेधाताईचा फोन आला, तो उचलला बाबांनी. उठून, गॅस बघून आले आणि म्हणाले, "बंद आहे. मी स्वतः बघितला. पण ती घरात नाही, फोन इथेच टाकून गेलीय. आपण कोण?"

अर्ध्या तासात मेधाताई आणि सॅव्हियो मालाडच्या कॉफी शॉपमध्ये हजर. समोरचा बिचारा सँडविच खात होता. त्याने पुन्हा कधी मेसेज केला नाही.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "त्या मेधाबाईंना आपल्या गॅसची एवढी काळजी का?"

मी म्हटलं, "त्यांच्याकडे एकदा लीक झाला होता."

बाबा "बरं" म्हणाले. त्या एका "बरं"वर मी महिनाभर नीट झोपले नाही.

*

पुढे बाबांचा गुडघा बदलला. बाबा जुने गिरणी कामगार, दुखलं तरी बोलायचं नाही ही सवय. फिजिओथेरपिस्ट मुलगी पाय दुमडायची आणि बाबा दात आवळून घामाघूम व्हायचे. एक दिवस मला बघवेना. मी म्हटलं, "बाबा, बोला ना. बरं असेल तर हिरवा. जास्त होत असेल तर पिवळा. लाल म्हटलं की ती थांबेल, आणि तुम्हाला कारण विचारणार नाही."

त्या मुलीला कल्पना झकास वाटली. बाबांनी मात्र माझ्याकडे बघून विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"लॅबमध्ये."

"बरं," बाबा म्हणाले.

*

परवाच्या पहिल्या रविवारी मी निघणार तेवढ्यात भांडुपची शालूआत्या आली. बाबांची धाकटी बहीण, अजून मालवणीतच बोलणारी. मला चप्पल घालताना बघून दारातच अडवलं. "खंय चाललंस गो? दर महिन्याक खंय जातंस? शेजारच्या वहिनीन तुका अंधेरीक बघल्यान, कोण तरी बाप्याबरोबर. लगीन करूचा नाय, सांगूचा नाय. आज माका खरा सांग."

मी काहीतरी पुटपुटले. तिने माझा दंड धरला. "कोण तो? काय करतास तुमी थंय? बोल!"

दोन वर्षं ज्याला घाबरत होते ते दारात येऊन उभं होतं.

आतून वॉकरची टकटक ऐकू आली. बाबा दाराशी येऊन थांबले.

"शालू, लाल."

"काय लाल?"

"सोड तेचो हात. लाल म्हटल्यार थांबूचा. कारण इचारूचा नाय."

आत्याने हात सोडला. बाबा माझ्याकडे वळले.

"तू नीघ, उशीर होईल. आणि मेधाबाईंना सांग, गॅस बंद आहे."