पट्टेरी जोडी आणि मोरचूद

ओतूरच्या दुकानातून आणलेली पट्टेरी माशांची ती जोडी महाभांडखोर निघाली. काचेच्या टाकीतल्या बाकी माशांच्या शेपट्या त्यांनी कुरतडल्या, तेव्हा वैतागून मी दोघांना पिंपरी पेंढारच्या आमच्या शेततळ्यात सोडून दिलं. बोटभर लांबी, राखाडी अंगावर उभे काळे पट्टे. मरतील तर मरू देत, म्हणालो.

ती मेली नाहीत. कोपऱ्यात उतारावर एक फुटका माठ अडकून पडला होता, त्यात त्यांनी अंडी घातली.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याच्या वर्षभर आधी अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तळ्याकाठी खुर्चीत बसवलं की ते तासन्‌तास माठाकडे बघत बसायचे. मादी परांनी अंड्यांना वारा घालायची. नर बाहेर पहाऱ्यावर. बेडूक आला तरी हा एवढासा जीव त्याच्या अंगावर धावून जायचा. पिल्लं निघाल्यावर दोघं त्यांना घोळक्याने चरायला न्यायची, एखादं मागे राहिलं की तोंडात धरून परत आणायची. एका संध्याकाळी सगळी पिल्लं माठात परतलेली बघून आण्णा म्हणाले, "हायती." मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मग रोज एखादा शब्द यायला लागला. टोमॅटो निघेपर्यंत आण्णा बोलायला लागणार, असं मी गावभर सांगत सुटलो.

त्याच टोमॅटोच्या ठिबकचा फिल्टर शेवाळाने तुंबू लागला. आमच्याकडे त्यावर एकच इलाज. मोरचुदाचे निळे खडे गोणपाटात बांधायचे आणि दोरीने तळ्यातून फिरवायचे. आण्णांनीच शिकवलेलं. आजारपणाआधी माझा एखादा कोपरा सुटला की ते लांबून हात हलवून दाखवायचे.

त्या सकाळी मी दोरी ओढत होतो आणि आण्णांचा डावा हात माठाच्या कोपऱ्याकडे जोरजोरात हलत होता. मला वाटलं, जुनी सवय जागी झाली. बरं वाटलं मला. "व्हय आण्णा, तिकडं बी फिरवतो," म्हणालो आणि तिथे गोणपाट दोनदा जास्त फिरवलं. माशांना मोरचूद म्हणजे विष, पण त्यांची आठवणही झाली नाही. मोरचूद टाकताना आमच्या डोक्यात फक्त पीक असतं.

दुपारी पिल्लं पाण्यावर तरंगली. नर उलटा झाला होता. सगळं तळं मोकळं असून मादी माठाच्या तोंडापासून हलली नव्हती. तिला बोअरच्या पाण्यात टाकलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आण्णांच्या पायाशी बसून मी चुकलो म्हणालो. ते बराच वेळ ओठ जुळवत राहिले.

"म्या... सांगितलं व्हतं."

आजारपणानंतरचं त्यांचं हे पहिलं सबंध वाक्य. त्यानंतर ते एक शब्दही बोललेले नाहीत, आणि त्यांचा हात हलला की ते काय सांगतायत, हे मला कळत नाही.