मुकुट डोक्यावर, ताट टेबलावर

"ताट टेबलावर ठेव. मी तिथून उचलते."

काकू एवढंच बोलल्या. हळू, आणि हसत. माझ्या हातात लक्ष्मीपूजनाचं ताट होतं. अर्ध्या तासापूर्वी ते त्यांनीच माझ्या हातात दिलं होतं, तेव्हा बोटाला बोट लागलं होतं. आता मध्ये टेबल हवं होतं. मी ठेवलं. त्यांनी उचललं.

"आणि ती हॅट काढून मागे बस ना. राग मानू नकोस हं. इंडियातून वडीलधारी मंडळी आलीयेत."

२००६ सालची दिवाळी. अमेरिकेत बेलव्ह्यूमधल्या एका शाळेचा भाड्यानं घेतलेला हॉल. तिथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम. मी प्रमुख पाहुणी होते, दिवा मी लावायचा होता. कारण महिन्याभरापूर्वी मी रोडिओची राणी झाले होते.

रोडिओ म्हणजे काउबॉय लोकांची जत्रा. उधळत्या घोड्यावर बसायचं, धावत्या वासराला दोरानं पकडायचं. तिथं दरवर्षी एक राणी निवडतात. नुसतं छान दिसून भागत नाही. अनोळखी घोडा चालवून दाखवावा लागतो, भाषण करावं लागतं. निवडून आलं की वर्षभर काम. झेंडा घेऊन घोडा दौडवायचा, मैदानातली जनावरं हाकायची, शाळांमध्ये जायचं. मुकुट हॅटवर बसवतात आणि हॅट केसांना पिनांनी घट्ट करतात. खांद्यावर राणीचा पट्टा असेपर्यंत हॅट चारचौघांत उतरवायची नाही. वारा सुटो, घोडा उधळो. हा तिथला नियम.

मी नागपूरला जनावरांची डॉक्टरकी शिकले. एनसीसीच्या घोडेस्वार तुकडीत होते. पुढं शिकायला वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात आले, गहू आणि घोड्यांच्या मुलखात. तबेल्यात काम करायचे. मालकीणबाई म्हणाली, नाव दे स्पर्धेत. दिलं.

स्पर्धेच्या सकाळी माझ्या रिकिबीचा पट्टा उसवला. मी तबेल्यातली आरी घेतली, दोऱ्याला मेण लावलं आणि तिथंच मांडी घालून शिवायला बसले. परीक्षक म्हातारा बघत उभा राहिला. कुठं शिकलीस म्हणाला. मी सांगितलं, वडील कामठीला टांग्याच्या घोड्यांचा साज शिवतात. टांगे कमी झाले तसे जोडे शिवतात. आम्ही चांभार आहोत, आमच्याकडे हे काम जन्मानं येतं आणि लोक आम्हाला त्यासाठी लांब ठेवतात. म्हातारा वाकला, टाका बोटानं चाचपला, म्हणाला, तुझ्या वडिलांना माझा सलाम सांग. तिथल्या पेपरवाल्यानं हे सगळं छापलं.

परक्या माणसाला मी एका दमात सांगितलं. आपल्या माणसांत आले आणि जीभ टाळूला चिकटली.

माझं आडनाव दोन्हीकडे चालतं. ब्राह्मणातही आहे, आमच्यातही. काकू मंडळाच्या अध्यक्ष. दोन दिवस त्यांच्याच घरी उतरले होते. पहिल्या दिवशी पोहे देताना त्यांनी विचारलं, "बाबा काय करतात गं?"

मी म्हटलं, "लेदरचा धंदा आहे."

"अच्छा, एक्स्पोर्ट."

मी पोहे खात राहिले. छान झालेत म्हणाले.

काकूंच्या यजमानांनी पेपरातला तो लेख इंटरनेटवरून काढला, मोठा करून हॉलच्या दारात बोर्डवर लावला. फोटो बघून लावला. शेवटपर्यंत कुणी वाचला नव्हता. मुलाकडे पुण्याहून आलेले एक आजोबा चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले. मग त्यांनी काकूंना बाजूला बोलावलं. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. आवाज आला नाही. पण काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी ओळखते. आईबरोबर दुरुस्त केलेल्या चपला पोचवायला जायचे तेव्हापासून ओळखते. दार अर्धंच उघडायचं.

तर मी ताट ठेवलं. मागे गेले. प्रसाधनगृहात आरशापुढं उभी राहिले आणि पिना काढायला लागले. हो, काढायला लागले. कशाला वाद घालायचा, आपलं राहणं-खाणं यांच्याकडे, कार्यक्रम संपला की बसस्टॉपवर हेच सोडणार, असं डोक्यात. एक पिन. दुसरी. तिसरी. चौथी केसात अडकली. ओढली तर डोळ्यांत पाणी आलं. आरशात बघितलं. मी काकूंचं काम स्वतःच्या हातानं करत होते.

पिना परत खोचल्या.

बाहेर दुसऱ्याच बाईंनी दिवा लावला होता. निवेदक सांगत होता, पाहुण्यांची तब्येत जरा ठीक नाही. मी मंचावर चढले. त्यानं माइक का दिला, ठाऊक नाही. बहुधा मुकुट बघून.

"माझी तब्येत उत्तम आहे. माझे वडील जोडे शिवतात. आम्ही चांभार. काकूंना मी लेदरचा धंदा सांगितला, ते लपवणं झालं. ती चूक माझी. बाकीची तुमची."

पुढच्या रांगेत एका मुलीनं आईला इंग्रजीत विचारलं, ती रडतेय का. मी रडत नव्हते. काकूंचे यजमान खाली बघत होते. मी बॅग उचलली आणि चालत बसस्टॉपवर गेले.

इथं थांबले तर गोष्ट छान होते. पण पुढचं आहे.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. त्यांनी वस्तीभर सांगून ठेवलं होतं.

"लावला का दिवा, बाई?"

"लावला, बाबा."

"मोठ्या लोकायत?"

"हो."

ते हसले. फोन बाजूला धरून कुणाला तरी ओरडून सांगितलं, लावला म्हणते.

मंचावर खरं बोलले आणि ज्याच्यासाठी बोलले त्यालाच खोटं सांगितलं. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. बाबा दीड वर्षानं गेले. भाऊ सांगतो, शेवटच्या दिवसांतही येणाऱ्या-जाणाऱ्याला दिव्याची गोष्ट सांगत होते. तबेल्यात ओल्या चामड्याचा वास आला की ते माझ्या पाठीमागे बसलेले असतात. मी वळत नाही. वळले तर विचारतील.

आता अमेरिकेतली डिग्री हातात आहे. आमच्या घरात पहिली. मंडळाची स्मरणिका निघतेय, नवीन कार्यकारिणीनं पत्र पाठवलंय, राणीपणाचे गमतीदार अनुभव लिहा म्हणून. हा लेख पाठवतेय. यातली जात, आजोबा, टेबल, काहीही काढायचं नाही. काढायचं असेल तर छापू नका. मी दुसरीकडे छापीन, आणि तुम्ही काय काढायला सांगितलं होतं तेही त्यात लिहीन.